डब्यातलं फक्त कौसल्येला ठाऊक

भुलाबाईचा महिना लागला की तांडापेठेतल्या मुलींच्या अंगात वारं शिरतं आणि आयांच्या पोटात गोळा येतो. मुलींचं ठीक आहे. संध्याकाळ झाली की घोळका करून एकेका घरी जायचं, कोनाड्यातल्या मातीच्या भुलाबाईपुढे बसून घसा बसेपर्यंत गाणी म्हणायची आणि शेवटी त्या घरची खिरापत ओळखायची. खिरापत झाकणबंद डब्यात असते. डबा कानाशी धरून हलवायचा, वजन घ्यायचं, नाव सांगायचं. बरोबर ओळखलं तर घरच्या मुलीची फजिती. मुली थकून ‘हारलो’ म्हणाल्या तर त्या घरची मुलगी कोजागिरीपर्यंत मान ताठ करून हिंडायला मोकळी. ओळखणार मुली, खाणार मुली. खिरापत करायची कोणी, केव्हा आणि कोणत्या हातांनी, हा प्रश्न आजवर एकाही मुलीने विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

कौसल्येच्या घरची खिरापत गेली तीन वर्षं पहिल्या झटक्यात ओळखली जात होती. फुटाणे आणि गूळ. शेजारची वच्छला तर मागच्या साली डबा हातात न घेताच म्हणाली होती, "फुटाणे हायेत, आना इकडे." सगळ्या खो खो हसल्या. कौसल्येची अकरा वर्षांची थोरली, गोपिका, त्या संध्याकाळी न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या पाठीकडे पाहून कौसल्येला जे वाटलं ते तिने कोणाला सांगितलं नाही. सांगायला वेळही नव्हता.

वेळ नव्हता हे उगाच म्हणत नाही. अडुसष्ट सालची ही गोष्ट. तेव्हा तांडापेठेत घरोघरी हातमाग होते. धोंडबा, म्हणजे कौसल्येचा नवरा, समोरच्या खोलीत खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायचा, तो उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत. आतल्या खोलीत रहाटावर कांड्या भरण्याचं काम कौसल्येचं. कांडी म्हणजे बोटाएवढी पोकळ नळी. तिच्यावर सूत गुंडाळायचं, ती मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवायची, मग माग चालतो. कांड्या संपल्या की माग थांबतो, माग थांबला की धोंडबा थांबतो, आणि थांबलेला धोंडबा ही काही बघण्यासारखी गोष्ट नव्हे. दिवसभरात तो बायकोशी एकच शब्द बोलायचा, "कांडी!" त्या एका शब्दात राग, लोभ, भूक, तहान सगळं यायचं, आणि कौसल्येला ते सगळं कळायचंही. शिवाय चार वर्षांचा लहानू, दहा महिन्यांची बाळी, चूल, पाणी आणि गल्लीच्या टोकाचा नळ.

घरच्या खिरापतीची पाळी होती, तिच्या आदल्या दिवशी गोपिका चुलीपाशी येऊन उभी राहिली.

"माय, उद्या आपल्या घरची पाळी हाये. फुटाणे-गूळ केला तं मी बाहेर येनारच नाही, सांगून ठेवते."

"मंग काय करू वं?"

"ते मले सांगूच नको. माह्या तोंडावरून वच्छी ओळखते. फक्त तुलेच ठाऊक पाहिजे. वच्छीले काय, कोनालेच ओळखू नाही आलं पाहिजे."

"बरं, करते."

"शप्पत?"

"शप्पत," कौसल्या म्हणाली आणि उतू जाणारं दूध फुंकायला वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मनाशी पक्कं केलं होतं. रामटेककडच्या तिच्या भावाने उन्हाळ्यात मोहाची सुकी फुलं आणून दिली होती. ती तव्यावर परतून तिळात घोळवायची. तांडापेठेत खिरापतीला मोहाची फुलं कोण करतं? वच्छलेच्या आजीलाही ओळखू येणार नव्हती. फुलं परतून झाली, तीळ भाजून झाले, आणि समोरून "कांडी!" आली. सूत देणाऱ्या मालकाला लुगडं उद्या द्यायचं होतं, लाल काठाचं काम चाललं होतं, लाल कांड्या दुपारपर्यंत पुरणार नव्हत्या. कौसल्या हात पुसून रहाटाकडे धावली.

रहाट फिरवता फिरवता तिच्या डोक्यात आलं, मोहाचा वास तर सगळ्या गल्लीला गेला असेल. वच्छी नाकाची तिखट. मग दारावर शिंगाडेवाली आली. शिंगाडे घेतले, उकडायला ठेवले, आणि ते उकडेस्तोवर लहानूने गुडघा फोडून आणला. त्याला हळद लावली. मग वाटलं, शिंगाडे वजनावरून ओळखतात. त्यापेक्षा मुरमुऱ्यांना लसूण-तिखटाची फोडणी द्यावी, खिरापत गोडच असते असं समजून पोरी फसतील. फोडणी चुरचुरली, बाळी उठली, "कांडी!" आली. दुपारी कोणाचं तरी ताट राहिलं होतं. स्वतःचंच असावं, असं तिला नंतर वाटलं. त्यातल्या भाकरीचा गूळ घालून लाडू वळला. मग पुन्हा रहाट. मग नळावर भांडण. चार वाजता तिने डब्याचं झाकण लावलं, वर जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट बांधली आणि डबा भुलाबाईपुढे ठेवला. एकदा भुलाबाईपुढे ठेवलेला डबा खिरापत ओळखली जाईपर्यंत उघडायचा नाही. मग ती उरलेल्या कांड्या भरायला बसली आणि डोकं रिकामं झालं.

दिवस मावळताना मुली आल्या. पंधरा-सोळा असतील. सोबत बायजाबाई. बायजाबाई म्हणजे गल्लीतली सगळ्यात म्हातारी. भुलाबाईचे सगळे कायदे तिला पाठ, आणि जे पाठ नव्हते ते ती जागच्या जागी करायची. मुली भुलाबाईपुढे बसल्या, टाळ्या वाजवून गाऊ लागल्या. गोपिका मधोमध बसली होती. केसांना लाल फीत, डोळ्यांत अशी चमक की कौसल्येला बघवेना. मुलगी मध्येच वळून आईकडे बघे आणि ओठ दाबून हसे. आपली माय आहे, मायने शप्पत घेतली आहे, आज वच्छीची खोड जिरणार.

आणि तेव्हा, बाळीला मांडीवर थोपटता थोपटता, कौसल्येचा हात थांबला.

डब्यात काय होतं?

तिला आठवेना. तिने पुन्हा सकाळपासून सुरुवात केली. मोहाची फुलं परतली. मग? मग कांडी. फुलं तव्यावरच राहिली असणार. शिंगाडे उकडले. मग लहानूचा गुडघा. शिंगाडे पातेल्यात. मुरमुरे कढईत. लाडू… लाडू हातात होता, मग कोणीतरी हाक मारली. हे सगळं केलं तेवढं आठवत होतं. ते सगळं कुठेतरी राहिलं, हेही वाटत होतं. पण डब्यात कोणतं घातलं? की काहीच घातलं नाही? रिकामा डबा चिंधीने बांधून भुलाबाईपुढे ठेवला की काय? उठून चुलीपाशी बघून यावं तर बाळी मांडीवर झोपलेली, आणि दारापर्यंत पोरी बसलेल्या. गाणी संपत आली होती. आजवर इतकी लवकर गाणी संपलेली तिने पाहिली नव्हती.

"खिरापत!" मुली ओरडल्या.

डबा पहिल्यांदा वच्छलेकडे गेला. तिने तो उचलला आणि तिच्या भुवया वर गेल्या. रिकामा नव्हता तर! कौसल्येने श्वास सोडला. वच्छलेने कानाशी धरून हलवला. आधी खुळखुळ झाली, मग थप् असा आवाज आला, आणि मग आतून टक्.

"हे काय होय बाप्पा?" वच्छला म्हणाली.

कौसल्येच्याही मनात नेमकं तेच आलं होतं. खुळखुळ कशाची, थप् कशाची, ते एकवेळ कळेल. पण टक्? टक् वाजणारं आपण काय रांधलं?

"गोड का तिखट?" एका मुलीने विचारलं. एवढं विचारायची मुभा असते.

"ते तुमचं तुमी ओळखा."

"असं नाही चालत, कौसल्ये," बायजाबाई म्हणाली. "इचारलं तं सांगा लागते."

"गोड," कौसल्या म्हणाली. मग तिला लसणाची फोडणी आठवली. "म्हंजे… गोडच."

"कोरडी का ओली?"

"कोरडी. जराशी ओली."

मुली एकमेकींकडे बघून फिदीफिदी हसल्या. गोपिका मात्र आईकडे कौतुकाने बघत होती. मायने काय युक्ती केली, असंच तिला वाटत असणार. ती नजर कौसल्येला सुईसारखी टोचली. मले ठाऊक नाही असं सांगून टाकावं, असं एकदा ओठावर आलं. पण मग वच्छी काय म्हणेल? हिच्या मायले आपल्याच डब्यातलं ठाऊक नाही! त्यापेक्षा फुटाणे बरे होते.

"मुरमुरे!" कोपऱ्यातली एक म्हणाली.

कौसल्येने मनातल्या मनात कढई पाहिली. मुरमुरे कढईत होते, बाळी उठली होती, ते तिथेच राहिले. "नाही."

"शिंगाडे?"

पातेलं. लहानूचा गुडघा. "नाही वं."

"तिळाची वडी?" "नाही." "करंजी?" "नाही." हे तरी खरं होतं, करंजी तिने सहा महिन्यांत केली नव्हती. "भाकरीचा लाडू?" "नाही… नाही."

डबा हातोहात फिरला. प्रत्येक हातात तो वेगळंच बोलत होता. एक मुलगी तर डब्याला नाक लावून म्हणाली, लसूण हाये, दुसरी म्हणाली, गुळाचा वास हाये. दोघी भांडल्या. शेवटी डबा पुन्हा वच्छलेकडे आला. तिने डोळे मिटून बराच वेळ हलवला. समोरच्या खोलीत माग तेवढा खटखट चालला होता.

"मोहाची फुलं," वच्छला म्हणाली.

गोपिकेने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. कौसल्येने पुन्हा सकाळ आठवली. तवा. फुलं तव्यावर. कांडी. रहाट. मग तवा रिकामा केव्हा केला? भाकरी तर दुपारी त्याच तव्यावर भाजली होती. मग फुलं गेली कुठे?

"सांग नं काकू!"

"नाही," कौसल्या म्हणाली. आपण खोटं बोलतोय की खरं, हे तिला स्वतःलाच कळत नव्हतं. एवढी गोंधळलेली ती लग्नाच्या मांडवातही नव्हती.

वच्छलेने डबा खाली ठेवला. "हारलो," ती म्हणाली. मग सगळ्या म्हणाल्या, "हारलो!" गोपिका ताडकन उठली, वच्छलेपुढे उभी राहून नुसती हसली. तीन वर्षांचं सगळं उट्टं त्या हसण्यात निघालं. कौसल्येला वाटलं, हा क्षण इथेच थांबावा, आणि डबा भुलाबाईने आपल्या सासरी कैलासावर घेऊन जावा.

पण डबा उघडावाच लागतो. बायजाबाईने चिंधी सोडली, झाकण काढलं आणि आत बघतच राहिली. मग तिने डबा परातीत उपडा केला.

आधी मुरमुरे सांडले. त्यांच्या मागून शिंगाडे गडगडले, चांगले आठ-दहा. मग मोहाची फुलं, तिळात घोळलेली, काही मुरमुऱ्यांच्या तिखटाने लाल झालेली. मग भाकरीचा लाडू, एका बाजूने चेपलेला. आणि सगळ्यात शेवटी, टक् करून, परातीत पडली लाल सुताची भरलेली कांडी.

मग एकदम कल्लोळ झाला.

"मी म्हटलं होतं मुरमुरे!"

"मी शिंगाडे म्हटलं होतं!"

"मोहाची फुलं मी ओळखली होती," वच्छलेचा आवाज सगळ्यांच्या वर होता. "काकू खोटं बोलून राहिली होती! सगळ्याइले नाही-नाही म्हनून राहिली होती!"

"माही माय खोटं नाही बोलत!" गोपिका ओरडली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "बोलत नाही माही माय खोटं! सांग नं वं माय!"

सोळा तोंडं कौसल्येकडे वळली. ती परातीकडे बघत होती. म्हणजे दर वेळी आपण एक पदार्थ केला, डब्यात घातला, कोणीतरी हाक मारली, आणि परत आल्यावर बेत बदलून, डबा रिकामाच आहे असं समजून, आत न बघताच दुसरा घातला. चार वेळा. आणि पाचव्या वेळी हातातली कांडीच घातली. आता दोनच वाटा होत्या. हो, मुद्दामच फसवलं, गंमत केली, असं म्हटलं तर आई हुशार ठरत होती आणि खोटारडी. खरं सांगितलं तर वेंधळी. गोपिका डोळे भरून बघत होती. त्या डोळ्यांपुढे हुशारी करायची कौसल्येची हिंमत झाली नाही.

"मले ठाऊकच नव्हतं वं," ती म्हणाली. "देवाशप्पत. सकाळपासून काय काय घातलं, काई ध्यानात नाही राहिलं. तुमी नाव घेतलं का मले वाटे, हे तं चुलीवरच राहिलं. मंग म्या नाही म्हनलं."

आणि एवढं बोलून तिला हसू आलं. कुठून आलं कोण जाणे. लाजेने मरायची वेळ, मुलीची अब्रू परातीत पडलेली, आणि हिला हसू! तिने पदर तोंडात कोंबला, पण ते पोटातूनच उसळत होतं. बाळी मांडीवर हिंदकळून जागी झाली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते हसण्याचं होतं की कशाचं, ते तिला सांगता आलं नसतं. आपल्याला काहीतरी झालं आहे, एवढंच तिला कळत होतं. असं शेवटचं केव्हा झालं होतं, ते काही केल्या आठवेना.

आधी लहानू हसला, कारण तो कशालाही हसतो. मग कोपऱ्यातली मुलगी. गोपिका अजून उभीच होती, रडावं की काय ते ठरेना अशी.

"मंग कोन हारलं?" वच्छलेने विचारलं. ती सोडणारी नव्हती. "आमी सगळं ओळखलं. डबा हारला."

समोरच्या खोलीतला माग थांबला होता. धोंडबा दारात येऊन उभा राहिला. त्याने परातीत पाहिलं, पुढे होऊन कांडी उचलली, सुतावरचा तीळ झटकला.

"ही कोनी ओळखली का?" त्याने विचारलं. हे त्याचं त्या दिवसातलं सगळ्यात लांब वाक्य.

बायजाबाईने मान हलवायला सुरुवात केली, म्हणजे नवा कायदा होत होता.

"धोंडबा बराबर बोलून राहिला. पाच चिजा होत्या. चार ओळखल्या, एक नाही ओळखली. डबा जितला. गोपिका जितली." मग तिने बोट कौसल्येकडे वळवलं. "पन ही हारली. भुलाबाईपुढं उलटसुलट जबाब देल्ले. हिले दंड."

"काय दंड?" सगळ्या मुली एका सुरात.

"हिनं डोळे मिटून मधात बसा लागते. पोरीनं तोंडात घास घालावा, हिनं चव ओळखावी. ओळखेपर्यंत उठाचं नाही. कोनी हाक मारली तरी नाही." हे शेवटचं ती धोंडबाकडे बघून म्हणाली. धोंडबा कांडी मुठीत धरून उभा राहिला.

बाळी बायजाबाईच्या मांडीवर गेली. मुलींनी गोल करून कौसल्येला मधोमध बसवलं. ती बसली, आणि हातात काहीच नाही म्हणून हातांचं काय करावं हेही तिला कळेना. शेवटी तिने ते मांडीवर ठेवले. चुलीवरचं वरण आठवलं, नळ आठवला, लाल कांड्या आठवल्या. गोपिका जवळ येऊन गुडघ्यांवर बसली. तिचे डोळे अजून ओले होते, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलत होतं.

"डोळे मीट, माय."

कौसल्येने डोळे मिटले. मुली टाळ्या वाजवू लागल्या. जिभेवर लहानसं, चिकट, गोड काहीतरी आलं, तिळाचा कुरकुरीतपणा आला, मागाहून जरासं तिखट लागलं. मोहाचं फूल. भावाने आणलेलं, सकाळी तिने परतलेलं. तोंडात पडताक्षणीच तिने ओळखलं.

"काय होय, सांग?" गोपिकेने अगदी कानाशी विचारलं.

कौसल्येने सावकाश चावलं. गिळलं. डोळे मिटलेलेच ठेवले.

"नाही येत वं ओळखू," ती म्हणाली. "आनखी एक दे बरं."